शाडू भरलेली कॅसेट

मी स्वभावाने घाबरट बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. गॅस बंद केला का, हे बघायला मी रोह्याच्या एस.टी. स्टँडवरून कित्येकदा घरी परत आलेली आहे. आमचे हे धाटावला कंपनीत होते. ते म्हणायचे, "आमची शिफ्ट आठ तासांनी सुटते, तुझ्या काळजीला शिफ्टच नाही." अशा बाईने नोकरीतली निम्मी वर्षं एका जुन्या टेपरेकॉर्डरच्या भरवशावर काढली, हे मला स्वतःलाच अजून खरं वाटत नाही.

अंकासाठी काही लिहा म्हटल्यावर सगळ्या नोकरीचा पाढा वाचण्यात अर्थ नाही. मी मराठी शिकवत असे, आधी रोह्याकडे आणि नंतर पेणकडच्या एका शाळेत. एवढं पुरे. मला सांगायचं आहे ते एका कॅसेटबद्दल आणि मी केलेल्या एका चुकीबद्दल.

काही मुलांना सगळं येतं, फक्त लिहिता येत नाही. ती आळशी नसतात आणि मठ्ठ तर अजिबात नसतात. तोंडी विचारा, फाडफाड उत्तरं देतील. कागद पुढे ठेवला की अर्ध्या तासात दोन ओळी, आणि त्याही लिहिणाऱ्यालाच वाचता येत नाहीत. ओंजळीतून पाणी न्यावं तसं वाक्य डोक्यातून हातापर्यंत येताना वाटेतच सांडतं. आता याला डॉक्टरी नाव आहे, दाखला मिळतो, परीक्षेला लेखनिक मिळतो. पंचवीसेक वर्षांपूर्वी आमच्याकडे त्याला एकच नाव होतं, ते म्हणजे 'लक्ष नाही'.

शाळेत स्नेहसंमेलनासाठी घेतलेला एक टेपरेकॉर्डर होता. वर्षातले तीन दिवस तो गाजायचा आणि बाकी वर्षभर कपाटात धूळ खायचा. मी तो बाहेर काढला. पद्धत साधी होती. मुलाने उत्तर आधी बोलायचं, मग तेच ऐकायचं. पाचसहा शब्द झाले की बटण दाबून थांबवायचं, तेवढेच लिहायचे, मग पुढचे. वाक्य मशीन धरून ठेवतं, हाताला सवड मिळते. आणि दहाव्यांदा सांगतानाही मशीनचा आवाज चढत नाही. माझा चढायचा.

पहिला मुलगा रोह्याजवळच्या निडीचा, मी तिकडच्या शाळेत असतानाचा. त्याचं घर रेल्वे स्टेशनला खेटून. घरी मामाच्या टेपरेकॉर्डरवर त्याने निबंध बोलून घेतला आणि मग इमानदारीने ऐकून लिहून काढला. मी वही उघडली. 'झाडे आपल्याला सावली देतात. झाडे आपले मित्र आहेत. गाडी जाऊ दे. झाडे पाऊस पाडतात.' मी हसून हसून बेजार झाले. मग लक्षात आलं की दीड पान निबंध या मुलाने आयुष्यात पहिल्यांदा लिहिलेला आहे. गाडीसकट मी त्याला चांगले मार्क दिले.

पण ही गोष्ट जागृतीची, पेणकडच्या शाळेतली; तिथेही असंच एक मशीन होतं. ती जोह्याची, वडिलांचा गणपतीचा कारखाना. आमच्याकडे कारखाना म्हणजे मूर्ती करण्याची पत्र्याची शेड, कंपनी नव्हे. तिथे सगळ्यात नाजूक काम आखणीचं, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवण्याचं. डोळा चुकला की मूर्ती वाया जाते, म्हणून ते काम भल्याभल्यांच्या हातात देत नाहीत. जागृती नववीत असतानाच आखणी करायची. केसाएवढी रेघ, एका दमात, न थरथरता. आणि हीच मुलगी स्वतःचं नाव लिहिताना दर वेळी वेगळं लिहायची.

त्यामुळेच तिच्यावर कुणाचा विश्वास बसत नसे. इतिहासाचे सर मला शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांदेखत म्हणाले, "बाई, ज्या हाताला गणपतीचा डोळा काढता येतो त्याला 'अ' काढता येत नाही, हे मला पटवून द्या." मी सांगितलं की डोळा ती बघून काढते. ऐकलेल्याचं अक्षर करणं ही वेगळी वाट आहे, आणि तीच तिला बंद आहे. बोलले मी ठामपणे, पण खात्री नव्हती. सरांचंच खरं असलं तर? मी लाडावून ठेवते आहे असं असलं तर?

नववीत ती एकदा नापास झाली होती. दुसऱ्या वर्षी तिचे वडील, काशिनाथभाऊ, मला शाळेच्या फाटकाशी भेटले. माणूस मऊ, पण बोलला ते स्पष्ट. "बाई, यंदा पास झाली तर दहावीला बसवतो. नाय तर ती कारखान्यात बसंल. हात चांगला हाय तिचा, तो कशाला वाया घालवू?" त्यांच्या बाजूने ते बरोबरच होते. पण जागृतीला दहावी करायची होती. आखणी तिला आवडत नव्हती असं नाही. सगळ्यांनी मला आखणीपुरती धरलंय, हे तिला सहन होत नव्हतं. तसं तिने मला एकदाच सांगितलं, तेही खाली बघून.

वर्षभर आम्ही टेपवर काम केलं. भाषा आणि गणितात ती कशीबशी काठावर येईल असं दिसत होतं. इतिहास आणि विज्ञानाची उत्तरं लांब, तिथे वेळ पुरणार नव्हता. नववीची परीक्षा शाळेची स्वतःची असते. मी हेडसरांच्या मागे लागले की हे दोन पेपर तिला बोलून देऊ द्या. हेडसर नियमाला धरून चालणारे, वरच्या कार्यालयाच्या पत्राला घाबरणारे. आमचं त्यामुळेच जमायचं, दोघेही घाबरट. महिनाभर त्यांनी ताटकळत ठेवलं आणि मग हो म्हणाले. पेपर दोन शिक्षकांसमोर होईल, सोमवारी हेडसर आणि त्या दोन विषयांचे शिक्षक असे तिघंजण कॅसेट ऐकून मार्क देतील, आणि तोवर कॅसेट माझ्या ताब्यात. "बाई, कॅसेट हीच तिची उत्तरपत्रिका. जबाबदारी तुमची," ते म्हणाले. त्या वाक्याने माझी दोन रात्रींची झोप उडाली.

शनिवारी प्रयोगशाळेत पेपर झाला. आदल्या दिवशी पेणच्या बाजारातून नवे सेल आणले होते, शिवाय आणखी एक जोडी पर्समध्ये. पंख्याचा आवाज येतो म्हणून पंखा बंद. एप्रिल महिना, घामाने आम्ही निथळत होतो. कॅसेटच्या एका बाजूवर इतिहास, दुसरीवर विज्ञान, अर्धा अर्धा तास. मी प्रश्न वाचत होते आणि जागृती बोलत होती. बोलताना तिचं बोट टेबलावर आखणी करत फिरत होतं. ती काय बोलली यातलं मला त्या वेळी अर्धंही कळलं नाही, कारण माझे डोळे फिरणाऱ्या चकत्यांवर होते. टेप गुंतली तर, सेल बसले तर, याच धास्तीत तो तास गेला.

संपल्यावर मी एक शहाणपणाचं काम केलं. कॅसेटच्या मागच्या कडेला दोन चिमुकल्या प्लास्टिकच्या पट्ट्या असत. त्या मोडल्या की तिथे भोकं पडतात आणि मग त्या कॅसेटवर पुन्हा काही भरता येत नाही, बटणच खाली जात नाही. मी पेनाच्या टोकाने दोन्ही पट्ट्या मोडल्या. आता कुणाचा बापही हे पुसू शकणार नाही, असं मनात म्हणाले. माझे हे शब्द मला पुढे फार आठवले.

एवढ्यावर थांबले असते तर प्रश्न नव्हता. पण ही एकुलती एक कॅसेट पर्समध्ये घालून मी रोह्याला जाणार, एस.टी.त पर्स मारली तर? उन्हाने टेप वितळली तर? एक प्रत हवी. शाळेचं मशीन एका कॅसेटचं, त्यावर प्रत निघत नाही. जागृतीला न्यायला काशिनाथभाऊ आले होते, आणि कारखान्यात त्यांच्याकडे दोन कॅसेटचा मोठा डेक आहे हे मला माहीत होतं. दिवसभर काम करताना गाणी लागायची त्याच्यावर. मी त्यांच्या हातात ती कॅसेट आणि एक कोरी कॅसेट दिली. ही डावीकडे, कोरी उजवीकडे, असं दोनदा बजावलं. सोमवारी सकाळी दोन्ही आणून द्या म्हटलं.

परीक्षेची उत्तरपत्रिका मी मुलीच्या बापाच्या हातात दिली. काळजीपोटी दिली, म्हणून ते बरोबर ठरत नाही.

सोमवारी काशिनाथभाऊ शाळा भरायच्या आधीच आले. दोन्ही कॅसेट धुतलेल्या फडक्यात बांधलेल्या. चेहऱ्यावर समाधान.

"बाई, तुमची कॅसेट मागनं मोडलेली व्हती. दोन भोकं पडल्याली. शाडू भरून येकदम सारकी करून दिली," ते म्हणाले. "येक बाजू भरत आली आन् लाईट गेली. दुसरी बाजू राह्यली, तेवडी काय मनावर घेऊ नका."

मी कॅसेट उलटी करून पाहिली. दोन्ही भोकांत शाडूची माती बसवलेली होती, वरून ओल्या बोटाने गुळगुळीत केलेली. साच्यातून निघालेल्या मूर्तीला बारीक भोकं असतात. रंगाआधी ती शाडूने बुजवायची, हे या माणसाने जन्मभर केलेलं. भोक दिसलं की हात आपोआप तिकडे जाणार. बाईंची वस्तू मोडकी कशी परत द्यायची, म्हणून त्यांनी ती नीट केली होती. आणि डेकमध्ये घालताना डावी उजवी झाली होती. भोकं उघडी असती तर बटण खाली गेलंच नसतं.

मी "बरं झालं, फार बरं झालं" असं काहीतरी म्हणाले आणि त्यांना वाटेला लावलं. प्रयोगशाळेत जाऊन दार लोटून कॅसेट लावली. सूं. नुसती सूं. पुढे नेली, सूं. आणखी पुढे नेली, तेच. विज्ञानाची बाजू लावली तर जागृतीचा आवाज खणखणीत आला, कारण तिकडे वळायच्या आत लाईट गेली होती. गेला होता तो इतिहास. शेवटी कुठे दोन वाक्यं उरलीही असतील, पण तुकड्याला मार्क देता येत नाहीत. मी मशीन बंद केलं. तिथल्याच स्टुलावर बसले.

तिघंजण दुपारी दोनला ऐकायला बसणार होते. घड्याळात साडेअकरा. आणि त्या स्टुलावर बसून माझ्या मनात जे आलं ते लिहिते, कारण खोटं लिहायचं असतं तर हा लेखच लिहिला नसता. प्रश्नपत्रिका माझ्याकडे होती. शाडू भोकात होतीच, म्हणजे पुन्हा भरता येत होतं. मधल्या सुट्टीत जागृतीला इथे आणायचं, अर्ध्या तासात सगळं पुन्हा बोलून घ्यायचं, शाडू टोकरून काढायची. पेपराच्या वेळी हजर असलेल्या दुसऱ्या बाई वह्या तपासत बसल्या होत्या, त्यांना शब्द न् शब्द थोडाच आठवणार होता. कुणाला पत्ता लागला नसता.

मी जागृतीला वर्गातून बोलावून घेतलं आणि काय झालं ते सांगितलं. वडिलांनी पुसली असं म्हणाले नाही, माझ्या चुकीने पुसली गेली म्हणाले. ती कॅसेटकडे बघत राहिली. शाडूवर तिने बोट फिरवलं आणि तिला सगळं कळलं. मग मी, हळू आवाजात, पुन्हा बोलशील का, असं विचारलं.

मग तिने विचारलं, "बाई, शनवारी मी दोन सनं चुकलीवती. घरी जाऊन बघली. ती आता बरोबर बोलू, का तवा चुकली तशी चुकलेलीच बोलू?"

तिने हे टोमणा म्हणून विचारलं नव्हतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं की बाई काय सांगतात ते. मला तिच्याकडे बघवेना. मी तिला वर्गात पाठवलं आणि हेडसरांच्या खोलीत गेले.

सगळं सांगितलं. कॅसेट शाळेबाहेर गेली इथपासून. हेडसरांनी मला बसा म्हटलं नाही. मला मेमो मिळेल, टेपचा हा सगळा उद्योग बंद होईल आणि जागृती कारखान्यात बसेल, हे तिन्ही मला समोर दिसत होतं, आणि तिसऱ्यापुढे पहिली दोन काहीच नव्हती. हेडसर शेवटी म्हणाले, "तुम्ही सांगितलं नसतंत तर मला कळलं नसतं. मीही आता हे वर कुणाला कळवणार नाही." मग त्यांनी इतिहासाच्या सरांना बोलावलं. नवे प्रश्न, आज दोन वाजता, सगळ्यांसमोर, आणि प्रश्न सर विचारतील. विज्ञान आहे तसंच धरायचं.

दोन वाजता जागृती तीन खुर्च्यांसमोर बसली. मी ती कोरी कॅसेट घालून मशीन चालू केलं. सरांनी पहिला प्रश्न वाचला आणि ती मुलगी दगडासारखी गप्प. दुसरा वाचला, तरी गप्प. वर्षभर ती मशीनशी बोलली होती, कारण मशीन बघत नाही. इथे सहा डोळे तिच्यावर होते. फिरणाऱ्या टेपवर पुन्हा सूंच भरत होती. माझ्या पदराच्या टोकाचा चुरगळून चुरगळून बोळा झाला होता.

आणि मग इतिहासाचे सर उठले. मला वाटलं, झालं, आता ते म्हणणार, बघा, मी सांगत नव्हतो? त्यांनी आपली खुर्ची उचलली, खिडकीकडे तोंड करून ठेवली आणि आमच्याकडे पाठ करून बसले. बाकीच्या दोघांनाही त्यांनी हातानेच तसं करायला सांगितलं. तीन पाठी, बाहेर भाताची रिकामी खाचरं. सरांनी खिडकीबाहेर बघतच पहिला प्रश्न पुन्हा वाचला.

जागृतीचं बोट टेबलावर फिरायला लागलं. मग ती बोलली.

ती पास झाली. फार मार्क नव्हते, पण एकही दयेचा नव्हता, हे मला सरांनी स्वतः सांगितलं. पुढच्या वर्षी सरच माझ्याकडे आले, त्यांच्या वर्गातल्या एका मुलासाठी मशीन हवं म्हणून. मी दिलं. सेल मात्र त्यांना विकत आणायला लावले.

काशिनाथभाऊंना मी कधीच काही सांगितलं नाही, आणि जागृतीनेही नाही. "बाईंची मोडकी कॅसेट मी दुरुस्त केली आन् पोरगी पास झाली," असं ते जोह्यात सांगत असत. ते गेले तोवर सांगत होते. याबद्दल मला वाईट वाटायला हवं, पण वाटत नाही. वाईट वाटतं ते दुसऱ्याच एका गोष्टीचं, आणि ती मला गेल्या महिन्यात कळली.

जागृतीने दहावी केली, लेखनिक घेऊन. आता जोह्याचा कारखाना तीच चालवते. अजूनही लिहीत नाही, मोबाईलवर बोलून पाठवते. आता सगळं जगच बोलून पाठवतं, त्यामुळे तिचं काही अडत नाही. चतुर्थीच्या आधी मला तिचा आवाज येतो, "बाई, तुमची मूर्ती झाली, डोळे मीच केलेत."

हा लेख लिहायचा म्हणून मी ती कॅसेट शोधून काढली. शाडू अजून भोकांत आहे, जराशी तडकलेली. इतिहासाची बाजू त्या दिवसानंतर मी कधी लावलीच नव्हती, धीरच झाला नव्हता. घरचा जुना टेपरेकॉर्डर पुसून कॅसेट लावली आणि पोळ्या लाटत बसले. वीस मिनिटं, त्याहून जास्त, नुसती सूं. मग खट्कन आवाज झाला. जोह्यात लाईट गेली ती जागा असणार. त्यापुढचं पुसलं गेलेलं नव्हतं.

जागृतीचा पंधरा वर्षांचा आवाज शेवटचं उत्तर सांगत होता. उत्तर संपलं. मग तिने विचारलं, "बाई, एवडं सगळं माज्या डोक्यात व्हतं?"

आणि त्यावर माझा आवाज, घाईघाईने, "हलू नको, मशीन चालू आहे."

बस्स, एवढंच. मग बटण बंद झाल्याचा आवाज. त्या मुलीने जन्मात पहिल्यांदा स्वतःला सलग अर्धा तास बोलताना ऐकलं होतं आणि मला हे विचारलं होतं. आणि मी चकत्या बघत होते. ते वाक्य मला आठवतही नव्हतं. लाटणं हातात तसंच धरून मी ओट्याशी उभी राहिले आणि रडले.

संध्याकाळी मोबाईल टेपरेकॉर्डरजवळ धरून तेवढा तुकडा भरून घेतला आणि जागृतीला पाठवला. मग माझं उत्तर. ते मी चार वेळा बोलले आणि चारही वेळा पुसलं. पाचव्यांदा म्हणाले, "व्हय गो. एवढं सगळं तुझ्याच डोक्यात होतं. तेव्हा सांगायचं राहिलं."

तासभर उत्तर आलं नाही. मी दर दोन मिनिटांनी मोबाईल बघत होते. गेला का, पोचला का, तिला राग आला का. आमचे हे पेपरातून मान वर न करता म्हणाले, शिफ्ट सुटलेली दिसत नाही.

मग तिचा आवाज आला. मागे कारखान्यात गाणी लागलेली होती, आणि ती हसत होती की आणखी काही, ते कळत नव्हतं.

"ऐकलं बाई. आता मशीन बंद करा."